सासूबाईंच्या हातातली टाच

नवऱ्याच्या आईशी झोंबाझोंबी करण्याचा योग सगळ्या सुनांच्या नशिबी नसतो. माझ्या आला, आणि दोष माझाच. अग्निशमन दलाच्या भरतीसाठी अंगात जोर हवा म्हणून मी कोपऱ्यावरच्या जिममध्ये ग्रॅपलिंग शिकायला लागले. ‘मग मी काय घरात भिंती मोजत बसू?’ असं म्हणत सासूबाईही मागोमाग आल्या. वय एकसष्ट. तीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत ओल्या चादरी पिळलेल्या. महिनाभरात क्लासमधली धट्टीकट्टी पोरं त्यांच्या पकडीपासून चार हात लांब राहू लागली.

ग्रॅपलिंगमध्ये ठोसे-लाथा नसतात. समोरच्याला गादीवर अडकवायचं. अडकलेल्यानं दोनदा हात आपटला, म्हणजे टॅप केलं, की पकड लगेच सोडायची. पण टाच धरली गेली तर दुखायची वाटच बघायची नाही, असा आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमचा नियम होता. हात पिरगळला तर आधी दुखतो, मग मोडतो. टाच पिरगळली की पीळ जातो गुडघ्यात, आणि गुडघा आगाऊ काही कळवत नाही. कळतं तेव्हा आतलं लिगामेंट तुटलेलं असतं. मॅडम हे रोज सांगायच्या आणि मी रोज मान डोलवायचे.

भरतीच्या चाचणीला नऊ दिवस उरले होते. खांद्यावर पाण्याचा पाइप घेऊन सहा मजले पळत चढायचे होते. वयाच्या अटीमुळे माझी ही शेवटची संधी होती. गुडघा गेला असता तर नोकरीही गेली असती.

आणि त्याच संध्याकाळी सासूबाईंनी माझा पाय मांड्यांत आवळला आणि टाच कोपराच्या बेचक्यात धरली. क्लासमधले सगळे आपापलं सोडून बघायला लागले. मला काडीचंही दुखत नव्हतं. मग टॅप कशाला करायचं, तेही सासूला? सकाळीच त्यांनी कपड्यांच्या मी घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घातल्या होत्या. मी दात-ओठ खाऊन अंगाला हिसडा दिला, गर्रकन फिरले, आणि पाय अलगद सुटला. घामानं त्यांचा हात निसटला असणार. मी वर चढून त्यांना दाबून धरलं आणि जिंकले. घरी पोचेपर्यंत माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता.

घरी आल्याआल्या सासूबाईंनी माझ्या नवऱ्याचा लाडका, पार विरलेला टॉवेल ओला केला. एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं.

“पीळ,” त्या म्हणाल्या. “फाटायच्या जरा आधी थांब.”

मी पिळत गेले. अजून थोडं, अजून थोडं. टॉवेल शेवटपर्यंत गुणी बाळासारखा वागला आणि मग टर्रकन मधोमध फाटला. नवरा दारातच उभा होता. त्याचं तोंड बघवत नव्हतं.

“कळलं नाही ना तुला?” सासूबाई म्हणाल्या. “मला कळतं. तीस वर्षं हेच केलंय. मघाशी तू उलटी फिरलीस ना, तेव्हा तुझा गुडघा इथवर आला होता. म्हणून सोडला मी.”

मी खुर्चीत बसले आणि गुडघा दोन्ही हातांनी धरून ठेवला. जिला हरवल्याची फुशारकी मी रस्ताभर मारली, तिनं माझी नोकरी वाचवायला सगळ्यांदेखत हार पत्करली होती. मला लाज वाटली, आणि मग त्यांच्याबद्दल भरून आलं. “आई, चुकलं माझं,” एवढंच म्हटलं. त्यांनी मला नवा टॉवेल आणायला सांगितलं आणि त्या घड्या घालायला बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा हात माझ्या टाचेकडे वळला रे वळला की मी टॅप करायचे. आठवडाभरात अकरा वेळा. सासूबाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शेजारणींना झालं, दूधवाल्याला झालं, लाँड्रीतल्या जुन्या मैत्रिणींना फोन करकरून सांगून झालं. मी शेजारी बसून ऐकायचे, आणि खरं सांगते, मलाही मजा यायची. एकदा त्या चुकून दहा म्हणाल्या, तर मीच दुरुस्त केलं.

चाचणीच्या दिवशी पाइप माझ्यापेक्षा जड वाटला, पण सहाही मजले मी पळत चढले. खाली उतरले तेव्हा पाय लटपटत होते, गुडघे मात्र शाबूत होते. अधिकाऱ्यांनी निवड झालेल्यांत माझा नंबर पुकारला आणि कुंपणापाशी उभ्या असलेल्या सासूबाई कोणालाही न जुमानता मैदानात धावत आल्या. मिठी मारली ती चादर पिळावी तशी. बरगड्या दुखायला लागल्या, श्वास कोंडला. नियमाप्रमाणे मी त्यांच्या पाठीवर दोनदा हात आपटला.

त्यांनी काही सोडलं नाही. मीही तिसऱ्यांदा आपटला नाही.