पोटाबाहेरचे महिने

कीर्तनात बसले की माझी कंबर कधी तक्रार करत नाही. धाराशिवच्या दवाखान्यातल्या त्या खुर्चीत मात्र अंग नुसतं मोडून आलं होतं. आठव्या महिन्यातच झालेला नातू माझ्या उघड्या छातीला लावून वरून फडकं बांधलेलं. असं आईनं धरायचं असतं. पण माझी सून प्रतीक्षा भिंतीकडं तोंड करून पडलेली. दूध काढून द्यायची, पोराला हात लावायची नाही.

सवयीनं माझा हात पोराच्या पाठीवर टाळीचा ठेका धरू लागला.

"आजी, कीर्तन न्हाय हे! थापटू नका, नुसतं धरा," शिवम्मा सिस्टर हसल्या. मग त्यांनी पोराचे पाय चाचपले आणि हसू गेलं. "पाय गार पडलेत. तुमच्या अंगात ऊब न्हाय राहिली आता. आईच पायजे."

"माझ्या पोटात टिकला न्हाय त्यो," प्रतीक्षा भिंतीशीच बोलली. "छातीवर काय टिकंल? आत्यांपाशीच असू द्या."

सिस्टर तिच्या खाटेवर टेकल्या. त्याही दमलेल्या, बोलताना डोळे चोळत होत्या.

"कांगारू बघितलाय का टीव्हीत? पिल्लाला पोटात पोसणारी वार त्याला नावापुरतीच, थोडेच दिवस. पिल्लू बोटाच्या पेराएवढं असतानाच बाहेर येतं. मग आईच्या पिशवीत, आचळाला धरून वाढतं."

"आन् आमची वार?" प्रतीक्षानं भिंतीकडंच तोंड ठेवून विचारलं.

"माणसाची, म्हशीची वार दमदार. महिनोन्‌महिने आतच पोसती. तुझी ह्या टायमाला लवकर सुटली, बस. राहिलेलं बाहेर करायचं, कांगारूवानी. एक प्राणी तर अंडी घालतो, अन् तरी दूध पाजतो."

"अगं बया, अंडी?" मी म्हणाले. "देवानं लई तऱ्हा केल्या की."

"त्याला आचळं बी न्हाईत, आजी. कातडीतनं दूध पाझरतं, पिल्लं चाटत्यात."

प्रतीक्षा वळली. "आन् जगत्यात?"

"जगत्यात की."

ती पोराच्या टोपड्याकडं बघू लागली. मग उठून बसली.

"द्या, आत्या. पर माझ्या हातातनं निसटला तर?"

"निसटंल कसा, पोरी? फडकं हाय की बांधायला."

पोर तिच्याकडं गेलं तशी माझी छाती एकदम उघडी पडली. सिस्टर वॉर्डची फेरी करून आल्या, पुन्हा पाय चाचपले.

"कोमट झालेत. अजून लई बसावं लागंल."

प्रतीक्षानं मान हलवली, तीही पोराला धक्का लागू नये इतकी हळू.

"आत्या, पडा जरा," ती म्हणाली. "मी हाय."