चिठ्ठीत निघालेलं रान

फेब्रुवारी सरत आला की धरणाचं पाणी मागं हटायला लागतं आणि गेणभाऊचं रान वर येतं. आधी बांधावरच्या दगडांची डोकी दिसतात, मग बांध, मग बांधाच्या पोटातला काळाभोर गाळ. वर्षातले आठ महिने हे रान पाण्याखाली असतं, तेव्हा ते सरकारचं. उरलेले चार महिने ते गेणभाऊचं. अशी त्याची साधी समजूत होती, आणि ती चुकीची आहे असं त्याला इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

जमीन बुडाली तेव्हा तो तीस-बत्तिशीचा होता. भरपाई मिळाली, ती घर वर हलवण्यातच संपली. अख्खी वाडी डोंगराच्या अंगाला चढून बसली. पण पहिल्याच उन्हाळ्यात पाणी उतरलं तशी माणसं कोणी न सांगता खाली आली आणि जो तो आपापल्या जुन्या बांधात जाऊन उभा राहिला. गाळात ओल आहे तोवर मूग टाकायचा, साठ-पासष्ट दिवसांत शेंगा घरी आणायच्या आणि पावसाच्या आधी रान पाण्याला परत द्यायचं. नांगरट नाही, खत नाही, मोटार नाही. वर्षाची डाळ निघायची.

एक्केचाळीस घरं. पंचवीस वर्षांत त्या गाळावरून पोलीस आले नाहीत की कोर्टाची पायरी कोणी चढलं नाही. जो पुण्याला गेला त्याचं रान शेजाऱ्यानं पेरायचं आणि त्याला पायलीभर मूग पोचता करायचा. एकदा दोघा भावांची हातभर बांधावरून जुंपली, तर तीन म्हाताऱ्यांनी जाऊन दगड रोवला आणि दोघांना तिथंच समोरासमोर बसवून जेवू घातलं. मिटलं. आता एवढं सुरळीत चाललेलं बघून कोणाच्या पोटात दुखावं? पण दुखलं.

यंदा जानेवारीत शाळेच्या भिंतीवर कागद लागला. गेणभाऊनं तो सुनेकडून, प्रतिभाकडून, दोनदा वाचून घेतला.

"म्हंजे काय करनार हायेत?"

"चिठ्ठ्या काढणार, मामा. उघड्या पडणाऱ्या गाळाला नंबर पाडल्यात. ज्याच्या नावानं जो नंबर निघंल, ते रान त्यानं पेरायचं. करार करून."

"आन माजं?"

"तुमच्या रानाला नऊ नंबर दिलाय."

"कुनी दिला?"

प्रतिभा कागदाचा फोटो काढून घरी गेली.

अर्जाला आधार कार्ड, धरणग्रस्ताचा दाखला, दोन फोटो आणि पाचशेच्या स्टँपवर हमीपत्र. दाखला मिळायचा तालुक्याला, घोडेगावात. घोडेगावला जायचं तर डिंभ्यापर्यंत चालायचं आणि मग एसटीची वाट बघायची, जी आली तर आली. गेणभाऊ तीनदा गेला. तिसऱ्या खेपेला तो दाखल्याच्या रांगेतून उठला आणि थेट धरण खात्याच्या साहेबापुढं जाऊन उभा राहिला.

साहेब वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. पोरगेलासा, नीट बोलणारा. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काका, तुम्ही भरपाई घेतलेली आहे. जमीन सरकारची आहे."

"जमीन मी पान्यासाठी दिली, सायेब. पानी हाय तवर मी कवा आलो का मागायला? पानी गेल्यावर चिखूल उरतो, तेवढाच आमी घेतो."

"पण उद्या त्यावरून भांडणं झाली तर?"

"पंचवीस वरसांत झाली का?"

"झाली नाहीत म्हणजे होणार नाहीत असं नाही ना. नियम असलेला बरा. तुमच्याच भल्यासाठी आहे."

गेणभाऊच्या डोक्यात तिडीक गेली. परतीच्या एसटीची वाट बघत तो दोन तास उन्हात उभा होता आणि त्याला राहून राहून एकच गोष्ट टोचत होती. वाडीला रस्ता हवा, तो वाडीला स्वतःला करता येत नाही. तिथं सरकार फिरकत नाही. दवाखान्यात डॉक्टर हवा, तो नाही. आणि जे आम्हाला आमचं आम्ही बिनबोभाट करता येतं, त्यात हात घालायला मात्र हे येतात, वर भल्यासाठी म्हणतात. माणसाला त्याच्या चिखलात तरी मोकळा सोडावा की नाही? सोडत नाहीत. मोकळा माणूस दिसला की यांना कसंतरीच होतं.

कागदांत मार्च अर्धा गेला. गाळाला भेगा पडायला लागल्या. आठवडाभर उशीर झाला असता तर मूग उगवलाच नसता. तेव्हा एकदाच्या शाळेच्या पटांगणात चिठ्ठ्या निघाल्या. गेणभाऊच्या नावानं चौदा नंबर निघाला. चौदा म्हणजे गोजरबाईचं रान. ती विधवा बाई, एकटीच राहणारी, गेणभाऊच्या बांधाला बांध लागून. गोजरबाईला तेहतीस निघाला, पार टोकाची खडकाळ, चिंचोळी पट्टी. आणि गेणभाऊचं नऊ निघालं भरतच्या नावानं. भरत पस्तिशीचा, गेणभाऊच्या हाताखाली गाळ पेरायला शिकलेला. त्याचं स्वतःचं रान सत्तावीस नंबर, तेही दुसऱ्याच कोणाला गेलेलं.

साहेबानं टाळ्या वाजवायला लावल्या, फोटो काढले आणि तो गेला. संध्याकाळी वाडी मारुतीच्या पारावर जमली.

"घ्या भाऊ तुमचं नऊ," भरत हसत म्हणाला. "मला काय करायचंय दुसऱ्याचं रान?"

"गोजरबाई, चौदा तुझं हाय बरं का," गेणभाऊ म्हणाला.

चहा उकळून गाळेपर्यंत एक्केचाळीस रानं जिथल्या तिथं परत गेली. जे करायला सरकारला दोन महिने लागले ते वाडीनं तेवढ्या वेळात निस्तरलं. त्या रात्री गेणभाऊला शांत झोप लागली. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत सगळे आपापल्या बांधात मूग टाकत होते.

एप्रिल संपत आला, शेंगा धरल्या, तेव्हा साहेब तपासणीला आला. हातात टॅब. बांधाबांधानं फिरत तो नंबर बघत होता आणि माणसाचं नाव विचारत होता. दहाव्या रानापर्यंत त्याचा चेहरा उतरला. त्यानं सगळ्यांना शाळेपुढं बोलावलं.

"करारात अट आहे, प्लॉटची परस्पर अदलाबदल करायची नाही. तुम्ही सह्या केल्यात. मी सगळ्यांचे करार रद्द करू शकतो."

"ज्याचं रान त्यानंच पेरलंय, सायेब," गेणभाऊ म्हणाला. "चोरी कुठं झाली?"

"काका, कागदावर ज्याचं नाव त्याचं रान." मग त्याचा आवाज मऊ झाला. "हे बघा, पीक उभं आहे. मला तुमचं नुकसान करायचं नाही. ज्याच्या नावावर जो प्लॉट आहे, त्यानं त्यावरचं पीक काढून न्यावं. मी कारवाई करत नाही. पुढच्या वर्षी मात्र नीट करा."

आपण फार समजूतदारपणा केला असंच त्याला वाटत असावं, कारण जाताना त्यानं गाडीतून हात केला.

आठ दिवस माणसं पारावर यायची, आणि गाळाचा विषय निघाला की उठून जायची. प्रत्येकजण मनातल्या मनात बघत होता, आपल्या रानाचा नंबर कोणाकडं आहे आणि आपल्याकडं कोणाचा आहे. नवव्या दिवशी वरच्या आळीतल्या एका घरानं भरतच्या सत्तावीस नंबरातल्या शेंगा तोडल्या. त्यांच्याकडं कागद होता. दहाव्या दिवशी सकाळी गेणभाऊ खाली उतरला तर त्याच्या नऊ नंबरात भरत आणि त्याची बायको पाट्या घेऊन बसलेली.

"भरत."

भरत उठला, पण त्यानं वर बघितलं नाही.

"भाऊ, माजं त्यांनी नेलं. मी कुनाच्या तोंडाकडं बघू?"

"म्हनून माजं नेतोस व्हय रं?"

"नऊचा कागद माज्या नावाचा हाय. मला काय लई आवडतंय का हे?"

भरतची बायको रडत होती आणि रडता रडता शेंगा तोडत होती. गेणभाऊनं दगड उचलला. कशासाठी उचलला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. मग त्यानं तो बांधावर नीट ठेवून दिला आणि घरी आला.

सोनीबाई, त्याची बायको, चुलीपुढं होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग आता चौदा आपलं," ती म्हणाली.

"ते गोजरबाईचं हाय."

"कागदावर आपलं हाय. वरसाची डाळ आनायची कुठून?" तिनं मान वर केली नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात दुसऱ्याच्या बांधातलं गवतसुद्धा न उपटलेली ही बाई. गेणभाऊला तिचा राग आला आणि तिच्याकडं बघवेनाही. तो परत खाली निघाला. निदान गोजरबाईला सांगून तरी टाकावं, की बाई, तू बिनघोर राहा. एवढं एक तरी सरळ राहू दे.

चौदा नंबरात पाऊल टाकलं आणि तो जागीच थांबला. गोजरबाई एकटी, तिचा मूग टाकून व्हायला चार-पाच दिवस जास्त लागले होते. तिच्या शेंगा अजून हिरव्याच होत्या, दाणाही भरला नव्हता. आणि ती त्या भराभर ओरबाडत होती, ओटीत कोंबत होती, हाताला येईल ते रोप मुळासकट उपटत होती. गेणभाऊ दिसताच ती मागं सरली.

"अगं, कच्चंच काय तोडतीस?"

"अर्धं तुमी न्या, भाऊ." तिला धाप लागली होती. "अर्धं मला ऱ्हाऊ द्या. बी मी टाकलंय."

"मी न्यायला न्हाई आलो. सांगायला आलोय. चौदा तुजं व्हतं आन तुजंच ऱ्हाईल. शेंगा भरू दे, मग तोड."

गोजरबाई त्याच्याकडं बघत राहिली. ओटी तिनं सोडली नाही.

"कागद तुमच्या नावाचा हाय."

"असू दे की."

"मग तेवढं लिहून द्या, भाऊ."

"लिहून?" गेणभाऊचा आवाज चढला. "चाळीस वरसं शेजारी हाय मी तुजा."

"भरत बी तुमचा शेजारीच व्हता," गोजरबाई म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती. खरंच तेवढंच तिला माहीत होतं.

गेणभाऊला वाटलं, ओरडावं. पण कोणावर? साहेब घोडेगावात, भरत पाटी भरून गेलेला, आणि समोर ही बाई, हिरव्या शेंगा पोटाशी धरून. तो बांधावर बसला. वाडीकडं तोंड करून त्यानं प्रतिभाला हाक मारली, वहीचा एक कागद आणि पेन घेऊन खाली ये म्हणून. ती येईपर्यंत गोजरबाई बसलीसुद्धा नाही.