झाकलेला काटा

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुमच्या पाठीवर भरलेले दप्तर आहे, समोर शाळेचा उंच जिना आहे आणि कुणीतरी बजावते, "एका ढांगेत पाच पायऱ्या चढायच्या. आणि पाय सावकाश उचलायचे." पहिल्याच ढांगेत तुमच्या मांड्या थरथरतील. मग तोच माणूस खाली उभा राहून म्हणेल, "या पोरात जीवच नाही."

तीन वर्षे मी हेच ऐकत होते. मी एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे. पुढे दोन बैठका, मागे नावापुरते एक बाकडे. पण मी तुमची दया मागायला आलेली नाही. माझ्यात जीव होता, आजही आहे, आणि तो होता हेच मला सांगायचे आहे.

माझे पहिले मालक पुण्याचे होते. सकाळी मला सुरू केले की पहिले दोन-तीन किलोमीटर ते मला हळू चालवत. तेल गरम झाल्याशिवाय त्यांनी मला कधी पळवले नाही. वय झाल्यावर त्यांनी मला सेलूच्या शिवकांत शेठना दिले. शेठचे कापडाचे दुकान आहे. माणूस मायाळू. त्यांनी माझी पूजा केली, माझ्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि बसवेश्वरांचे चित्र चिकटवायला जागा शोधली.

माझ्या स्टिअरिंगमागे दोन तबकड्या आहेत. एक वेग दाखवते. दुसरी, इंजिन मिनिटाला किती फेरे घेते ते दाखवते.

"हा दुसरा काटा कशाला लागतो?" शेठ म्हणाले आणि चित्र नेमके त्याच्यावर लावले.

त्या दिवसापासून माझा श्वास कुणाला दिसेनासा झाला.

शेठची एक ठाम समजूत होती: इंजिन जितके हळू फिरेल तितके पेट्रोल वाचेल. म्हणून गल्ली संपली की पाचवा गिअर. कापसाच्या बैलगाडीमागेही पाचवा. मित्रांनो, त्यांचे सगळेच चूक नव्हते. सपाट रस्ता असावा, वेग आलेला असावा, तेव्हा पाचवा गिअर म्हणजे माझी लांब, निवांत ढांग. पण बाजारात मला दुसरा किंवा तिसरा लागतो. चढावर तिसरा. पुढच्या ट्रकला ओलांडायचे असेल तर एक गिअर खाली. मंद फिरणाऱ्या इंजिनावर पाय दाबला की पेट्रोल वाचत नाही, आत ठकठक होते आणि माझी हाडे झिजतात. मी थरथरून सांगत राहिले. शेठनी त्याला म्हातारपण म्हटले.

शेवटी एका मंगळवारी भंगारवाले मला न्यायला येणार असे ठरले. इंजिन वेगळे, दारे वेगळी, चाके वेगळी. आदल्या दिवशी, सोमवारी, शेठ मला घेऊन चारठाण्याच्या महादेवाला निघाले. शेजारी बसले दत्तराव, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मागच्या बाकड्यावर शेठची मुलगी रुद्राणी, सहावीतली. शेठना ती अप्पा म्हणते; त्यांचा फोन तिच्या मांडीवर होता.

वाटेत चढ लागला. शेठनी पाचवा सोडला नाही. मी ठकठकले, हादरले आणि अर्ध्या चढावर बंद पडले. मागे कापसाने फुगलेला टेम्पो हॉर्न वाजवायला लागला.

"बघा काका," शेठ म्हणाले, "दमच न्हाई हिच्यात."

"दम हाय. तुमी तिला पाचव्यात कोंडलाव."

"तिसऱ्यात लय वरडती ती."

"वरडत न्हाई शेठ, बोलायलीय. तुमाला दुकानात गिऱ्हाईक बोललं की गोड वाटतंय, गाडी बोलली की राग येतोय."

रुद्राणी मागे फिसकन हसली.

"पहिल्यात उचला, दुसऱ्यात घ्या अन् मग तिसरा धरून ऱ्हावा," दत्तराव म्हणाले. "काटा तीन हजाराच्या आसपास ठिवा."

"कोणता काटा?"

दत्तरावांनी बोट दाखवले. बोटासमोर बसवेश्वर होते.

"पूजेला लावलेलं हाय," शेठ हळूच म्हणाले. "ते काढू कसं?"

"मी तर हात लावणार न्हाई बाबा. एसटी असती तर कानानं सांगितलं असतं. हिचं हिच्या काट्यालाच ठावं."

टेम्पोने पुन्हा हॉर्न दिला. मी मुकी, पण त्या क्षणी मनाशी ठरवले: उद्या तोडायचे तर तोडा, पण आज एकदा मला माझ्या श्वासाने चढू द्या.

रुद्राणी दोन बैठकांच्या मधून पुढे वाकली. तिने नखाने चित्राची कड उचलली, ते अलगद सोडवले, कपाळाला लावले आणि वर, काचेखालच्या सपाट जागी चिकटवले.

"इथून देवाला रस्ता दिसतो, अप्पा," ती म्हणाली. "आता घाला पहिला."

शेठनी मला सुरू केले आणि पहिला घातला. मी उचलले गेले. दुसरा. मग तिसरा. काटा तीन हजारावर आला आणि तिथेच राहिला. ठकठक नाही, थरथर नाही. मी मोठ्याने बोलत होते, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी मला गप्प केले नाही. टेम्पो आरशात लहान होत गेला.

माथ्यावर सपाटी लागली. वेग वाढला तसा शेठनी चौथा घातला, मग पाचवा. काट्याकडे बघून घातला.

माझी देखभाल करा असे मी तुम्हाला सांगणार नाही, मित्रांनो. पुसणारे, हार घालणारे पुष्कळ असतात. मला दमलेली ठरवण्याआधी एकदा माझा काटा बघा, एवढेच सांगते.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर भंगारवाल्यांचे नाव होते. शेठनी आरशातून मागे पाहिले. रुद्राणीने फोन कानाला लावला.

"काका, उद्या येऊ नका," ती म्हणाली. "आमची गाडी बिघडलेली नव्हती. आमीच तिच्या काट्यावर देव बसवला होता."

आणि तिने फोन ठेवून दिला.