लांब दांड्याची थांबा पाटी

मित्रांनो, हसू नका, पण मी दोन तोंडांची आहे आणि तरीही कधी खोटं बोलत नाही. माझ्या एका तोंडावर लाल रंगात ‘थांबा’ लिहिलं आहे, दुसऱ्यावर हिरव्या रंगात ‘चला’. मी एक जुनी, वाटोळी, पत्र्याची पाटी आहे. शाळेच्या फाटकासमोर, एकेरी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध, गेली अकरा वर्षं मी रोज सकाळी उभी राहते. आज मला तुम्हाला माझी सगळी हकिगत सांगायची आहे, आणि सांगायला मी इतकी उतावीळ झाले आहे की कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. असो, जन्मापासूनच सांगते.

मी मूळची शाळेच्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपाचं झाकण. पिंप गळायला लागलं आणि भंगारात गेलं. मला मात्र हस्तकलेच्या सरांनी उचलून ठेवलं, कारण सरांच्याने काहीच टाकवत नाही. त्यांच्या कपाटात तुटक्या पट्ट्यांपासून बंद पडलेल्या घड्याळांपर्यंत सगळा संसार आहे. एक दिवस शिपाई मावशी त्यांच्याकडे तणतणत आली.

“सर, नुसता हात दाखवून कोण्णी थांबत नाही हो! मी टाटा करतेय असं वाटतं त्यांना. उलट टाटा करून जातात मेले!”

सर पोट धरून हसले. मग त्यांनी मला खाली घेतलं, घासूनपुसून लख्ख केलं, एका जुन्या झाडूच्या दांड्यावर रिबिटांनी बसवलं आणि दोन्ही बाजूंनी रंगवलं. रंग वाळेपर्यंत मला दम निघत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने मला पहिल्यांदा उंचावलं आणि समोरची बस चक्क थांबली! एवढी मोठी बस, आणि थांबली कोणासाठी, तर एका पिंपाच्या झाकणासाठी. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

मावशी बुटकी आहे, पण आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या माणसाची झोप उडेल. अंगात पिवळं चमकतं जाकीट, पायात बूट. एका हातात ती मला धरायची आणि दुसऱ्या हातात रांगेतल्या सगळ्यात लहान मुलाचा हात. दोन वर्षांपूर्वी तिची नात पहिल्यांदा शाळेत आली, तेव्हापासून त्या हातात नातीचाच हात असायचा. नात इतकी लहानखुरी की सगळे तिला ‘वाटाणा’ म्हणतात. वाटाणा निसटण्यात पटाईत. मावशी तिचा हात पक्का धरून ठेवायची.

आता आईबाबांकडे वळते. तुमच्या आईबाबांच्या चहाड्या करायच्या नाहीत असं मी ठरवलं होतं, पण मग माझ्या गोष्टीत उरेल काय? सकाळी सव्वासात ते साडेसात, या पंधरा मिनिटांत फाटकासमोर जी तारांबळ उडते ती बघायला तिकीट लावलं पाहिजे. कोणी गाडी पट्ट्यांवर लावतो, कोणी त्या गाडीला चिकटून दुसरी लावतो. बँकवाल्या ताई एका हाताने स्टिअरिंग धरतात आणि दुसऱ्या हाताने लेकीची वेणी सारखी करतात. एक काका स्कूटर थेट फूटपाथवर चढवतात आणि चालणाऱ्यांनाच म्हणतात, “अहो, बाजूला व्हा की!” एक आजोबा मागे न बघता गाडी मागे घेतात आणि नातवालाच विचारतात, “कोणी आहे का रे मागे?” नातू डबा उघडून बघत असतो. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच मंत्र, “दोनच मिनिटं, मावशी, दोनच मिनिटं!” त्या दोन मिनिटांत एकदा माझ्यासमोर एक पूर्ण भांडण सुरू होऊन, रंगात येऊन संपलं होतं.

यातली गंमत अशी की प्रत्येकजण मावशीला हेच सांगतो, “काय करणार? लोक गाड्या अशा चालवतात की पोरांना चालत पाठवायची भीती वाटते. म्हणून गाडीने आणतो.” म्हणजे आपला तो बाब्या!

या सगळ्यात दातांच्या डॉक्टरांची गाडी सर्वांत उंच. त्यांचा मुलगा तिसरीत. मुलाला चार पावलंही चालावं लागू नये म्हणून डॉक्टर ती गाडी रोज अर्धी पट्ट्यांवर घेऊन यायचे. मग रांगेतल्या मुलांना त्या गाडीच्या नाकासमोरून वळसा घालून जावं लागायचं. मावशी रोज ओरडायची आणि डॉक्टर रोज गोड हसायचे. दात अगदी सुरेख होते त्यांचे.

एकदा पालकांच्या सभेत तेच उठून म्हणाले, “आमची चूक नाही. पाटी गाड्यांच्या आड जाते, दिसतच नाही. तिला उंच करा ना!” सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनी मला झाडूच्या दांड्यावरून काढलं आणि आठ फुटी लोखंडी नळीवर चढवलं.

मित्रांनो, माझ्या आनंदाला पारावार उरला नाही! गाड्यांचे टप, बसच्या टपावरचा विसरलेला पायमोजा, दूरच्या वळणावरून येणारी स्कूटर, सगळं मला दिसायला लागलं. गाड्या लांबूनच थांबू लागल्या. “वा, काय पाटी आहे!” असं मी कितीदा ऐकलं. शाळेच्या वार्षिक अंकात माझा फोटो आला. मी पुरती हरभऱ्याच्या झाडावर चढले. खाली काय चाललंय इकडे माझं लक्षच नव्हतं.

खाली काय चाललं होतं ते आता सांगते. लोखंडी नळी जड होती. मला धरायला मावशीचे दोन्ही हात लागू लागले. वाटाण्याला ती म्हणाली, “माझ्या जाकिटाचं टोक धर आणि सोडू नकोस हं.” वाटाणा म्हणाली, “बरं आजी.” जाकिटाचं टोक धरणं आणि हात धरणं यात फरक आहे. जाकीट मूल धरतं, आणि ते वाटेल तेव्हा सोडतं. हात मोठं माणूस धरतं. एवढी साधी गोष्ट सरांना सुचली नाही, मावशीला नाही, आणि मला तर मुळीच नाही.

तो मंगळवार होता. डॉक्टरांची गाडी नेहमीसारखी पट्ट्यांवर. मुलगा उतरून आत पळाला होता. मावशीने मला लाल तोंडाने उभं धरलं, रांग गाडीच्या नाकासमोरून वळसा घालून पलीकडे गेली. मावशीला वाटलं, सगळे गेले. तिने मला फिरवलं. वर मी हिरवी झाले, ‘चला’.

पण वाटाणा गेली नव्हती. तिच्या मुठीतून नवं खोडरबर निसटलं आणि गाडीपुढे घरंगळत गेलं. तिने जाकीट सोडलं आणि बॉनेटपुढे उकिडवी बसून ती खोडरबर शोधू लागली.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. हिरवी दिसले. गाडी सुरू झाली.

मावशीने मागे हात नेला आणि जाकिटाला कोणी नाही हे तिला कळलं. तिने एक किंकाळी फोडली, दोन्ही हातांनी मला उचललं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून बॉनेटवर आपटलं. धाडकन! असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. गाडी गचकन थांबली. डॉक्टर दार उघडून तरातरा उतरले.

“अहो मावशी, वेड लागलं का? बॉनेट बघा काय झालं! नवी गाडी आहे माझी!”

तेवढ्यात गाडीच्या नाकापुढून, एका वितीच्या अंतरावरून, एक लहान मूठ वर आली.

“सापडलं!” वाटाणा म्हणाली.

 डॉक्टर मटकन फूटपाथवर बसले. मावशीने नातीला उचलून अशी घट्ट धरली की ती ओरडायला लागली, “आजी, सोड, माझं खोडरबर पुन्हा पडेल!” मावशी हसतही होती आणि तिच्या डोळ्यांना धारही लागली होती. डॉक्टर पुन्हापुन्हा एकच म्हणत होते, “शपथेवर सांगतो, मला दिसलीच नाही हो. मी तर पाटीकडे बघत होतो.”

पाटीकडे बघत होतो! त्या तीन शब्दांनी माझं हरभऱ्याचं झाड मुळासकट उपटलं. मी जितकी उंच झाले होते, तितकी सगळ्यांची नजर वर गेली होती. मुलं तर खाली होती.

मावशीने मला भिंतीला टेकवलं आणि मोठ्या बाईंना सांगितलं, “ही काठी मी पुन्हा हातात धरणार नाही. दुसरं कोणीतरी बघा.” दुसरं कोणी मिळेना. मी सामानाच्या खोलीत खिडकीपाशी उभी राहिले, फुटक्या फळ्याच्या शेजारी. तीन दिवस फाटकासमोर नुसता गोंधळ. हॉर्न, ब्रेक, आरडाओरडा. मला खिडकीतून सगळं दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं. वाटाण्याला मावशी कडेवर घेऊन रस्ता ओलांडायची, पण बाकीच्या मुलांचं काय? त्यांच्यातल्या कोणाला गाडी लागल्याचं ऐकावं लागेल, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता.

पण दुपारी मी एक नवल बघितलं. उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीपुढे मावशी वाटाण्याला उभी करायची, बसवायची, मग स्वतः काचेतून आत डोकावून बघायची. सर म्हणाले, “काय मोजताय?” ती वाटाण्याला घेऊन पुढच्या गाडीकडे गेली.

शनिवारी मैदानात पालकांची सभा भरली. सगळे एकमेकांवर दोष ढकलत होते. “स्कूटरवाल्यांमुळे होतं.” “अहो, बसच मधे थांबते!” “शाळेने माणूस ठेवायला हवा.” डॉक्टर मागे उभे होते. मोठ्या बाईंनी मावशीला बोलायला सांगितलं.

“मला भाषण नाही जमत,” मावशी म्हणाली. “डॉक्टर, तुमची गाडी इथे मैदानात आणा. बंद करा. हँडब्रेक लावा. आणि किल्ली आधी माझ्याकडे द्या.”

किल्ली तिने जाकिटाच्या खिशात टाकली. डॉक्टरांना ती म्हणाली, “आता आत बसा आणि डोळे मिटा.” मग तिने नुसती बोटाने खूण केली. मुलं मांजराच्या पावलांनी आली आणि गाडीपुढे मांडी घालून बसली.

“उघडा डोळे. समोर किती मुलं आहेत, सांगा.”

डॉक्टरांनी मान उंच केली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. “एकही नाही,” ते म्हणाले.

“नीट बघा. सीट केवढी उंच आहे तुमची.”

“बघितलं, मावशी. खरंच कोणी नाही.”

“उठा रे पोरांनो!”

आणि मुलं उठली! एक, दोन, पाच, नऊ! नऊ डोकी काचेसमोर एकामागून एक वर आली, आणि सगळ्यांत पुढे, बॉनेटला नाक लावून, डॉक्टरांचा मुलगा.

“बाबा, मी इथेच होतो!” तो आनंदाने ओरडला.

 डॉक्टर गाडीतून उतरले, मुलापुढे गुडघ्यांवर बसले आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून रडले. त्यांना कोणी हसलं नाही. मग बँकवाल्या ताई पुढे आल्या. “मला बसू द्या.” त्यांनाही कोणी दिसलं नाही. आजोबा बसले, स्कूटरवाले काका बसले. रांगच लागली! प्रत्येकाला वाटत होतं, मला दिसेल, आणि प्रत्येक जण पांढरा चेहरा घेऊन खाली उतरत होता.

“मावशी, सोमवारी याल ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“येईन. पण त्या काठीबरोबर नाही.”

सर धावत जाऊन मला घेऊन आले. त्यांच्या दुसऱ्या हातात करवत होती. मित्रांनो, मला घाबरायला हवं होतं ना? पण मी मनातल्या मनात ओरडत होते, कापा, सर, लवकर कापा! नळी कुरकुरत कापली गेली. वाटाणा शेजारी उभी राहिली आणि सरांनी मला तिच्या डोक्याला डोकं लावून मोजलं. आता मी तेवढीच आहे. मावशीच्या एका हातात मावते.

सोमवारी सकाळी मी कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं. पट्टे रिकामे! डॉक्टरांनी गाडी मैदानापलीकडे लावली होती आणि ते मुलाबरोबर चालत आले. पट्ट्यांपाशी आले आणि रांगेत उभे राहिले. सगळे सुधारले असं मी म्हणणार नाही. बँकवाल्या ताई सवयीने पट्ट्यांवर आल्याच होत्या. पण मावशीने डोळे वटारायच्या आत त्यांनी स्वतःच कपाळावर हात मारून घेतला, मागची वाट नीट बघितली आणि गाडी काढली.

तर मित्रांनो, उद्या शाळेला निघण्याआधी आईबाबांकडून किल्ली तुमच्या हातात घ्या. त्यांना गाडीत बसवा, तुम्ही पुढे उकिडवे बसा आणि विचारा, मी दिसतो का, मी दिसते का? मग त्यांना सांगा की गाडी लांब लावून थोडं चाला, आणि पाटी बघून गाडी सोडू नका, पाटीच्या खाली बघून सोडा. बॉनेटवर आपटल्यावर माझ्या कडेला मोठा पोचा आला होता. सरांनी हातोडीने चार ठोके घातले आणि तो निघाला. मी पत्र्याची आहे, मला ठोकून सरळ करता येतं. तुम्हाला नाही येत.