सुचिताच्या बोटावरून उतरताना

एरवी बोट आत आल्याशिवाय मी बोलत नाही. आज बोट नाही, पोटात सेलही नाहीत, तरी बोलतोय. मी ऑक्सिमीटर. रक्तातला प्राणवायू मोजणारा, काडेपेटीएवढा चिमटा.

साथीच्या दिवसांत हरेशने मला नेरूळच्या सारसोळे गावातल्या आपल्या घरी आणलं. त्याचे वडील, नामा, तापाने फणफणले होते. माझा आकडा घसरताना पहिल्यांदा पाहिला हरेशच्या बायकोने, सुचिताने. तिने आरडाओरडा करून रिक्षा बोलावली आणि म्हातारा वाचला. मला देव्हाऱ्याशेजारी जागा मिळाली. केवढा अभिमान वाटला मला!

साथ गेली, पण मी सुचिताच्या कमरेच्या बटव्यात राहिलो. भाकरी थापताना, कोळंबी सोलताना मधेच हात पुसून ती मला बोटावर चढवायची. अठ्ठ्याण्णव. तिचे खांदे जरा सैल पडायचे. मग वाटायचं, आता कमी झाला असेल तर? पुन्हा बोट. मी कधी खोटं बोललो नाही, तरी माझा शब्द तिला घटकाभरसुद्धा पुरला नाही.

घरातलं कोणी सुटत नसे.

"सुचिते," नामा ओरडायचे, "मी जिता हाय का मेलो, ते त्या डबीला कशाला इचारतेस? मला इचार की!"

"आबा, बोट द्या."

"घे. दोन घे."

हे हसणं एक दिवस थांबलं. मोरा गावी दिलेली लेक मनस्वी पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. सुचिता तिला आणायला गेली आणि बसल्या बसल्या मला सारखं तिच्या बोटाला लावत राहिली. शेवटी मनस्वीने मला उपटून खाटेवर फेकलं.

"आई, मी नाय येत. सासूबाई करतील माझं."

"अगं, गाव काय बोलेल?"

"बोलू दे. माझ्या पोराला पण तू हेच शिकवशील, घाबरायला. आधी स्वतःला दाखव कोणाला तरी."

सुचिता परत आली ती जेवलीच नाही. हरेश तिला नेरूळलाच मानसोपचार करणाऱ्या श्रुती मॅडमकडे घेऊन गेला. मॅडमनी मला टेबलावर ठेवायला लावलं.

"हे यंत्र येण्याआधी काय तपासायचात, सुचिताताई?"

"गॅसचं बटन."

"त्याच्या आधी?"

"मनस्वी शाळेतून येईपर्यंत नाक्यावर उभी असायचे."

"म्हणजे कारणं बदलत गेली. स्वभाव चटकन घाबरणारा आहे, तो काही गुन्हा नाही. पण भीती आली की ती तुम्हाला सोसत नाही, लगेच काहीतरी करून तिला हाकलता. म्हणून ती नवं कारण घेऊन परत येते. आपण एकेका कारणामागे धावणार नाही. भीती असताना बसून राहायला शिकू."

मला राग आला. भीती हाकलणं हेच तर माझं काम होतं!

पुढच्या खेपेला मॅडमनी तिला इमारतीचे जिने भराभर चढायला लावले. धापा टाकत आली आणि तिने माझ्याकडे हात केला.

"नको."

"छाती फुटतेय, मॅडम!"

"धडधडतेय. थांबू या. बघू काय होतं."

मी टेबलावर आंधळा पडून होतो. हळूहळू तिचा श्वास जागेवर आला. माझ्याशिवाय.

हरेशलाही ताकीद मिळाली, "'काय नाय होत' असं सारखं सांगू नका."

"मग बोलू काय?"

"काही नको. शेजारी बसा."

कित्येक आठवडे असं चाललं. मी बटव्यातून कपाटात गेलो. ते कळल्यावर मनस्वी बाळंतपणाला आली, पण दारातच बजावून, "बाळाला ते लावलंस, तर त्याच दिवशी मी मोऱ्याला."

बाळ झालं. एका दुपारी मनस्वी न्हाणीत होती, घरात दुसरं कोणी नाही. पाळण्यातलं बाळ भराभर श्वास घेत होतं, आणि मधेच क्षणभर थांबलं. तान्ही बाळं असं करतात, डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी सुचिताने कपाट उघडलं. माझा जबडा त्या जवळ्याएवढ्या बोटावर आला.

मी घाबरलो. माझा चिमटा मोठ्यांच्या बोटाचा. तिथे मी भलताच आकडा दाखवला असता. आजवर खरं बोललो, ते तिला पटलं नाही. पण हे खोटं तिने लगेच मानलं असतं. मग रिक्षा, दवाखाना, सुया. आणि लेक कायमची तुटली असती.

तिचा हात हवेतच थांबला. माझी स्प्रिंग ताणलेली. ती जमिनीवर बसली.

"ये," ती कोरड्या तोंडाने पुटपुटली. "आलीस ना? बस."

भीतीशी बोलत होती. नजर मात्र बाळावर. पोट वर आलं, खाली गेलं. ओठ गुलाबी. बाळाने झोपेतच ओठ चोखले. ती बघत राहिली.

दारात ओल्या केसांची मनस्वी उभी होती.

"लावलंस?"

"नाय."

"घाबरलीस?"

"मरनाची."

मनस्वी शेजारी येऊन बसली.

संध्याकाळी सुचिताने माझे सेल काढून रिमोटमध्ये घातले. नामा म्हणाले, "चला, डबीनं टीवी तरी लावला!"

आता मी खणात आहे. खरं आजारपण आलं, कुणाला धाप लागली, ओठ निळे पडले, तर मला जरूर काढा. सेल घाला, मी खरं तेच सांगेन. नुसती भीती आली असेल तर मला शोधू नका. तिच्यासाठी माझ्याकडे आकडा नाही.

भीती अजून येते, बरं का. हीच पाहा, सुचिताची पावलं खणापाशी आलीत. थांबलीत.

जा बाई. बाळ उठलंय.