बदलीचा डबा

आमच्या कॉलेजच्या वर्धापनदिनाला पाहुण्यांनी तासभर इतिहास सांगितला. निजामी राजवट गेली, गावोगावची पोरं नांदेडला शिकायला आली, सुरुवातीला गोदामात वर्ग भरले, असं सगळं. वसतिगृहाच्या दारातल्या बाकड्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. मला विचाराल तर अख्खं कॉलेज त्या बाकड्यावर उभं आहे. गावाकडून आई डबा बांधते, एसटीत ठेवते, स्टँडवरून एक ऑटोवाला सगळे डबे गोळा करून आणतो आणि बाकड्यावर मांडतो. रिकामे डबे दुपारी तिथूनच परत जातात. इतकी वर्षं पोरं अशीच शिकली.

बाकड्याचा कायदा एकच, बदली. दुसऱ्याचा डबा खायचाय तर खुशाल खा, पण आपला त्याच्या जागी ठेवायचा. कुणी उपाशी राहता कामा नये. शिवाय सीनियर पोरं नव्यांना हळूच सांगत, की पितळी डबा आला तर त्याला हात लावू नका. मी ते रॅगिंगच्या खात्यात टाकलं होतं.

मी श्रीमंत. नाव श्रीमंत आणि डब्यात रोज पिठलं. आमचं गाव उमरी तालुक्यात. बाप लातूरला डाळमिलमध्ये कामाला, महिन्यातून एकदा येतो. घरी एकटी माय, साखराबाई. मी अर्धा डबा तसाच परत पाठवायचो आणि संध्याकाळी तिचा फोन यायचा. "पोटाला खात जा रं. तुझा डबा उघडला की मलाच घास उतरत न्हाई."

पोळ्याच्या आधी एकदा बाकड्यावर खरंच पितळी डबा दिसला. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला. सगळी पोरं आपापले डबे घेऊन गेली, तो तसाच राहिला. हात लावला तर गरम. एसटीतून आलेला डबा कधी गरम असतो का? पण वास धपाट्यांचा होता, आणि माझ्या डब्यात काय आहे ते मला न उघडता माहीत होतं. मी फडकं सोडलं. धपाटे, दही, वांग्याची भाजी, वर गुळाचा खडा. माझा डबा मी त्याच्या जागी ठेवला. कायदा मी मोडलेला नाही, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन.

दुपारी माझा डबा बाकड्यावरच होता. लख्ख रिकामा. झाकणाला आतून पाण्याचे थेंब होते.

संध्याकाळी मायचा आवाज फुलला होता. "आज सगळं खाल्लंस की! लई बरं वाटलं बघ." मी हो म्हणालो. तिला बरं वाटतंय तर वाटू दे.

मग रोजच बदली सुरू झाली. अनस हा माझा वर्गमित्र, नांदेडचाच. त्याने एकदा मला त्या डब्यातून जेवताना पाहिलं आणि तो उभाच राहिला.

"अरे यार, हा कुठून आणलास? आमचे आजोबा ह्याच कॉलेजात होते. ते सांगतात, त्यांच्या वर्गात नायगावचा रामकिशन होता. गोदावरीत पोहायला गेला, सापडलाच नाही. मुडदा सापडला नाही म्हणून आई मानायलाच तयार नव्हती. ती मरेपर्यंत डबा पाठवत राहिली."

"मेली ना? मग हा कोण पाठवून राहिलं?"

अनस माझ्याजवळ बसला नाही. मी मात्र उरलेला धपाटा संपवला, कारण भूक होती.

पुढच्या आठवड्यात माझ्या डब्यात कारल्याची भाजी आली. कारलं मला लहानपणापासून चालत नाही, हे मायला ठाऊक. मी फोन केला तर म्हणाली, "तूच काल मागितलीस की." काल आमचं बोलणंच झालं नव्हतं. मग तिचे फोन यायचे थांबले. मी लावला की ती जरा अडखळायची, "कोण?" म्हणायची, मग ओळखायची. दर वेळी ओळखायला जास्त वेळ लागायचा. आणि एका सकाळी तिने ओळखलंच नाही.

"हा नंबर तर आमच्या श्रीमंतचा हाय. फोन तुमच्याकडं कसा आला, दादा?"

"माय, मीच बोलून राहिलो."

"थट्टा करू नगा. श्रीमंत हितं जेवून राहिलाय."

तेव्हा मात्र मी तसाच स्टँडवर पळालो आणि उमरीची गाडी धरली. भर दुपारी गावात शिरलो. पारावरची माणसं माझ्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तशी पाहत होती.

आमच्या ओसरीत एक पोरगा दाराकडे पाठ करून जेवत होता. अंगात माझा चौकड्याचा शर्ट. तो बसला होता तिथली जमीन ओली होती. माय त्याच्यासमोर बसून वारा घालत होती, आणि ती इतकी सुखात होती की मला रडू आलं. माझ्यासमोर ती कधी अशी बसलीच नव्हती. मी बसू दिलं नव्हतं.

"माय, मी श्रीमंत."

ती हसली. श्रीमंतचे दोस्तही तिला मायच म्हणायचे. "फोन आणून दिलास व्हय? देव तुझं भलं करो. बस, जेवून जा." तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्या पोराजवळ ठेवला. तो मान खाली घालून जेवतच राहिला.

मला ताट आलं. पिठलं, ठेचा. मायने तव्यावरची भाकरी उचलली, तिचा वरचा करपलेला पापुद्रा सोलला आणि आधी तेवढाच माझ्या ताटात ठेवला. लहानपणी मी त्या पापुद्र्यासाठी तिच्याशी भांडायचो. पापुद्रा ठेवला आणि तिचा हात तिथंच थांबला.

"हे मी तुला काहून वाढलं?" ती पुटपुटली. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिचे डोळे भरून आले, कशाने ते तिलाच कळत नव्हतं.

त्या पोराचं चावणं थांबलं. त्याने पहिल्यांदा मान वर केली. माझ्याच वयाचा, ओठ निळे, केस कपाळाला चिकटलेले. तो घाबरला होता. कुणी ताटावरून उठवेल म्हणून घाबरतात, तसा.

"तुझी माय कुठली रं, लेकरा?" साखराबाईने विचारलं.

मला म्हणायचं होतं, इथलीच. माझ्यासमोर बसलीये ती. मी तोंड उघडलं, सगळा जीव जिभेवर आणला.

"नायगावची," माझं तोंड म्हणालं.

मायने डोळे पुसले. पोरगा पुन्हा जेवू लागला. "मंग तिला म्हनाव, लेकरू लई वाळलंय," ती म्हणाली. "डबा चुकवू नको म्हनाव."

ती चुकवत नाही. पितळी डबा रोज येतो, रोज गरम असतो. मायच्या हातचा डबाही त्या पोरासाठी रोज येतो, पिठल्याचा वास मला लांबूनच कळतो, पण आता तो माझा नाही, बदलीला सुद्धा नाही. मी माझा पितळी डबा घेतो आणि बाकड्याच्या टोकाला बसून शेवटचा कण संपेपर्यंत जेवतो. अर्धा परत गेला की आईला घास उतरत नाही.