बूट नंबर एक

मी फ्लॉपी बोलतेय. हसू नका. काळी, चौकोनी, तळहातावर मावेन एवढी. पण एके काळी माझ्यावाचून संगणकाचं पान हलत नव्हतं.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला. माझ्यात जीव मात्र सर्वेश सरांनी ओतला, लातूरच्या एका नेटकॅफेत. सर नांदेडचे, नायगावच्या शाळेत संगणक शिकवायचे. शाळेला कुणीतरी वापरून टाकलेले म्हातारे संगणक मिळाले होते आणि सरांना त्यांच्यावर संगणक चालवणारी एक मुक्त प्रणाली चढवायची होती. मुक्त म्हणजे कुणा एकाच्या मालकीची नाही. शेजारणीकडून विरजण आणावं तशी आणायची, आपलं लागलं की पुढच्या घरी द्यायची. अडचण एकच होती. ते म्हातारे सीडीवरून उठतच नसत. आधी फ्लॉपीने जागं करायचं, मग सीडी.

नेटवरून उतरवलेलं आमच्यावर लिहिताना पाकिटातल्या माझ्या बहिणी एकीमागून एक नापास झाल्या. यंत्र कर्रर्र करायचं, सर कपाळाला हात लावायचे. मी आणि माझी धाकटी, दोघीच धड निघालो. संगणक जागा करण्याला संगणकवाल्यांत बूट करणं म्हणतात. सरांना मराठीचा भारी अभिमान, त्यांनी आमच्या चिठ्ठ्यांवर ठसठशीत देवनागरीत लिहिलं: ‘बूट १’, ‘बूट २’. घोळ झाला तो इथंच.

इकडे मुख्याध्यापक हणमंतरावांनी निरोप दिला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एक तरी संगणक चालू दिसला पाहिजे, नाहीतर सगळे भंगारात. खोली अडकून पडली होती ना! सरांनी आठवीच्या मुलींना शब्द दिला होता, की तुमचं नाव तुमच्या हातानं पडद्यावर उमटेल. मुली रोज ओढणीनं ते बंद पडदे पुसून ठेवायच्या. सरांचा सगळा जीव त्या खोलीत अडकला होता.

घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडली. विळी, कात्री, सरांचा स्क्रूड्रायव्हर आणि त्यांच्या पंगतीला आम्ही दोघी. मी फुलूनच गेले. सरांच्या आई सौदामिनीबाई मराठीच्या निवृत्त शिक्षिका; अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय पुढे जाणार नाहीत. हळदीकुंकवाचं बोट माझ्यापर्यंत आलं आणि थांबलं. त्यांनी चष्मा सारखा करून पुन्हा वाचलं. नव्या बुटांच्या खोक्यातलं काहीतरी असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. पायातलं देवापाशी ठेवलं म्हणून लेकावर मनातल्या मनात चिडल्या आणि आम्हाला दोन बोटांत धरून चपलांच्या कपाटात नेलं. सरांच्या लग्नातल्या बुटांत एक डाव्यात, एक उजव्यात. बाई व्यवस्थित फार.

पूजेतलं सामान आईनं पिशवीत भरलंच असेल, अशा भरवशावर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सर शाळेत पोचले. पिशवीत स्क्रूड्रायव्हर होता, सीडी होती, आम्ही नव्हतो. फाटकात भंगारवाल्याचा टेम्पो उभा. सरांनी घरी फोन लावला. तो वाजला नेमका चपलांच्या कपाटाशेजारी, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“आई, बूट कुठायत?”

“पायात बघ की.”

“पायातले न्हाई गं. एक नंबर, दोन नंबर. संगणकाचे.”

बाईंनी कपाटाचं दार उघडलं. मग म्हणाल्या, “संगणकाला बूट असतात हे मला कुणी सांगितलं होतं का?”

पण तोंडानं बोलत असतानाच त्यांनी पायात चपला सरकवल्या होत्या. आम्हाला रुमालात गुंडाळून त्या नायगावच्या एसटीत बसल्या आणि सबंध रस्ता पर्स पोटाशी धरून होत्या. पोचलो तेव्हा टेम्पो जवळजवळ भरला होता. टेबलावर एकच संगणक उरलेला, आणि त्याच्यापुढे सर दोन्ही हात पसरून उभे.

मला खाचेत सारलं. आम्हाला कुंकू लागलं नाही, हे केवढं नशीब! ती पूड पोटात गेली असती तर मी तिथंच आटोपले असते. मी होतं नव्हतं ते सगळं सांगून टाकलं. मग धाकटी गेली आत. पडद्यावर अक्षरांची रांग लागली आणि मुली टेबलाभोवती गोळा झाल्या.

हणमंतराव वाकून बघत राहिले. मग दाराकडे वळून म्हणाले, “टेम्पोतले उतरवा रे. चालू हून राहिलेत.”

संध्याकाळपर्यंत मी एकेकाला उठवत होते. पुढचं सीडीनं केलं. शेवटी पडद्यावर आलं: फ्लॉपी काढून घ्या. मला काढलं, आणि संगणक माझ्याशिवाय सुरू झाला. खरं सांगते, राग आला. तेवढ्यात शिवकन्या नावाच्या मुलीनं एकेक कळ शोधत आपलं नाव लिहिलं, ‘शिवकण्या’. सौदामिनीबाईंनी तिथल्या तिथं शुद्धलेखन सुधारून घेतलं. पोरगी नाव बघून अशी काही हसली, की माझा राग कुठल्या कुठे गेला.

आता संगणकांना माझ्यासाठी खाचच नसते. धाकटी मागच्या उन्हाळ्यात गेली, तिच्यावरचं काही वाचताच येईना. मलाही आता सुरुवातीचं तेवढंच आठवतं. तुमच्या माळ्यावर एखादा म्हातारा पडला असेल तर मला एकदा आत सारून बघा. आणि तो उठला, तर मला लगेच बाहेर काढा. मला केलंय ते तेवढ्यासाठीच.